आक्काच्या रानाचा कर

आप्पांनी रान आक्काच्या नावावर केलं, त्या दस्तावर पहिला साक्षीदार मीच आहे. सही माझी, अंगठा माझा, फोटोही माझा. फोटोत मी जरा वर बघतोय, कारण नेमक्या त्या वेळी आप्पा मागून म्हणाले होते, "नीट उभा ऱ्हा."

आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. "उद्या अकराला निबंधकाच्या हापिसात ये. आधार कार्ड घेऊन ये." कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका खोलीत माझं ऑफिस आहे. लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देणं हा माझा धंदा. तेव्हा आप्पांना एखादा कागद वाचून हवा असेल, एवढंच मला वाटलं. तिथं गेलो तर बाकड्यावर आप्पा, आक्का आणि दाजी बसलेले. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि तिच्या पायांच्या भेगांत मात्र सकाळचा चिखल तसाच होता.

कागद माझ्या हातात आला तो वाचायला नव्हे, सही करायला. वर लिहिलं होतं, बक्षीसपत्र. शहराच्या हद्दीपासून तीन किलोमीटरवरचं आमचं दीड एकर रान, विहिरीतल्या हिश्श्यासकट, आप्पांनी 'प्रेमापोटी व स्वखुशीने' मुलीला दिलं होतं. हे रान वडिलोपार्जित नव्हतं. म्हशींच्या दुधावर आप्पांनी ते स्वतः घेतलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी. ज्यानं कमावलं त्यानं ते कुणालाही द्यावं, कायदा हेच सांगतो. रोज दहा लोकांना मीच हे सांगत असतो.

"तुला मंगळवार पेठेतली खोली हाय की," आप्पा म्हणाले.

"हाय," मी म्हणालो आणि सही केली.

परत येताना आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं माझा हात धरला. मी म्हणालो, "बरं झालं." घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय काम होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला रानात जाताना मी कधी बघितलं नाही. मग वाईट कशाचं वाटतंय?"

तिचं खरं होतं. रानात मी कधी राबलो नाही. आक्का दहावीनंतर घरी बसली ती थेट आप्पांच्या मागं बांधावर. पाणी पाजणं, तण काढायची भांगलण, उसाची लागण, सगळं तिनं केलं. लग्न शेजारच्याच गावात झालं, तरी ती सायकलवरून रोज यायची, पुढं स्कूटी घेतली. मी कोल्हापुरात शिकलो, बी.कॉम. झालो, शहरातच राहिलो. पण रान आपलं आहे ही गोष्ट माझ्या अंगात होती. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "आमचा ऊस आहे गावाकडं." त्या दिवसापासून तसं म्हणायची सोय राहिली नाही.

दीड वर्षानं आप्पा गेले. त्यानंतर माझा हेवा वाढत गेला. त्या बाजूला काम नसलं तरी मी गाडी तिकडून घ्यायचो. नवा रुंद रस्ता झाला होता. आधी एक बंगला उठला, मग चार दुकानं, मग फरशीचं गोदाम. प्रत्येक नव्या बांधकामाबरोबर रानाचा भाव किती चढला असेल याचा मी हिशेब करायचो आणि ते माझ्या नावावर नाही हे मला नव्यानं कळायचं. संक्रांतीच्या सुमाराला आक्का गुळाची ढेप पाठवायची. बायको त्या गुळाच्या पोळ्या करायची. मी दोन खायचो आणि तिसरीला नको म्हणायचो. आक्का बोलता बोलता "माझ्या रानात" म्हणाली की मी विषय बदलायचो. ती ते मुद्दाम म्हणत नसे, हेही मला कळत होतं.

मागच्या वर्षी पावसाळा संपताना आक्का ऑफिसात आली. खुर्चीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रान विकतीया."

मी पेन खाली ठेवलं.

"ऊस भाईर काढायला वाट न्हाई आता," ती सांगू लागली. "तिन्ही बाजूंनी घरं झाली. ट्रॅक्टर आला की शेजारी भांडाय उठत्यात. गटारीचं पाणी सरीत येतंय. परवा भांगलताना काचंनं पाय कापला. एक पावणा मागतोय. लग्नाचं लॉन करायचं म्हणतोय. तोबी शेतकरीच हाय. भाव चांगला देतोय. तू कागद बघ आन् टॅक्सचं सांग."

"टॅक्स लागणार," मी म्हणालो.

"आप्पानं दिलंय की. फुकट दिलंय. त्याला कसला टॅक्स?"

"दिलं त्याला नाही लागत. बापानं मुलीला दिलेल्या बक्षिसावर कर नाही. पण आता तू विकतेस. विकून जो नफा होईल त्यावर लागतो."

"शेतजमीन हाय की ती. शेतीला टॅक्स न्हाई म्हणत्यात."

"लांबच्या खेड्यातली असती तर नसता लागला. आपलं रान महापालिकेच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आत येतं. म्हणून ते धरतात."

इथपर्यंत मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. मग तिनं विचारलं, "नफा किती धरत्यात?"

"विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत वजा करायची. तू किती दिलेस?"

"मी? मी कुठं काय दिलं?"

"मग," मी म्हणालो आणि थांबलो.

त्या थांबण्यातच सगळं होतं. नियम मला चांगला ठाऊक होता. जमीन बक्षीस मिळाली असेल तर देणाऱ्याला ती ज्या किमतीत पडली तीच घेणाऱ्याची किंमत धरतात, आणि देणाऱ्याचा काळही घेणाऱ्याच्या काळात मिळवतात. त्यातही देणाऱ्यानं ती एक एप्रिल २००१ च्या आधी घेतली असेल, तर त्या दिवशीची बाजारातली किंमत धरायची मुभा आहे. त्या किमतीवर महागाईची वाढ घेऊन वीस टक्के, किंवा वाढ न घेता साडेबारा टक्के, जे कमी पडेल ते. शिवाय नफ्यातून दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढा कर सुटतो. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

मी मात्र तिथल्या एका पाठकोऱ्या कागदावर खरेदीच्या जागी शून्य लिहिलं आणि पूर्ण विक्रीवर कर काढून तो आकडा तिच्यापुढं सरकवला. तिनं चष्मा काढला, पुन्हा लावला.

"एवढा?"

"एवढा."

"आप्पाला ठाऊक असंल का रं हे?"

मी पेनाला टोपण लावलं. तिनं कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. माझ्याशी घासाघीस केली नाही, दुसऱ्या कुणाला विचारते म्हणाली नाही. भावानं सांगितलं म्हणजे ते खरंच, अशा चेहऱ्यानं ती जिना उतरून गेली. मला खिडकीतून तिची स्कूटी दिसत होती. ती बाजाराकडं न जाता रानाच्या दिशेनं वळली.

मला बरं वाटलं हे मी लपवत नाही. त्या दिवशी दुपारी मी मन लावून काम केलं.

चार दिवसांनी दाजींचा फोन आला. "व्यवहार थांबवलाय. एवढं सरकारला द्यायचं तर विकून काय करायचं, म्हणतीया. पावणा इसाराचं पैसं घिऊन बसलाय. जरा बघा की काय वाट निघती का."

"बघतो," मी म्हणालो.

आणि बघितलं नाही. आठवडा गेला. मधल्या रविवारी आम्ही आक्काकडं जेवायला गेलो. दिवस मावळायच्या आत जेवायचा आमच्या घरचा शिरस्ता, म्हणून पाचलाच पानं वाढली होती. आक्कानं मला आवडतं म्हणून भोपळ्याचं भरीत केलं होतं. ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती. कराचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. निघताना तिनं वांग्यांची पिशवी हातात दिली. "रानातली हाईत. आता किती दीस मिळत्यात बघूया." बायको रस्ताभर माझ्याकडं बघत होती. तिला नियम ठाऊक नव्हता, पण मला ती सोळा वर्षं ओळखते.

याच्यानंतर एक दिवस ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले. शाहूवाडीकडचे, मुलगा शहरात राहतो म्हणून इथं आलेले. त्यांच्या आईनं त्यांना शहरालगत चार गुंठे जागा बक्षीस दिली होती, ती त्यांनी विकायला काढली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, फुकट मिळालेली आहे, सगळ्यावर कर बसणार. ते घाबरून गेले होते. टोपी काढून मांडीवर घेऊन बसले.

"कोण म्हणालं तुम्हाला?" मी म्हणालो. "तुमच्या आईची किंमत ती तुमची किंमत. आईनं कधी घेतली?"

"लई जुनी गोष्ट हाय. मी शाळंत हुतो."

"मग २००१ ची किंमत धरायची. सरकारमान्य मूल्यांकन करणारा असतो, तो लिहून देतो. मात्र त्या वर्षीच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही. तरी तुमचा कर पुष्कळ खाली येईल."

दोन मिनिटं लागली असतील मला. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "देवमाणूस हाय बघा तुमी." ते गेल्यावर मी बराच वेळ कुठल्याच फायलीला हात लावला नाही. अनोळखी माणसाला जे दोन मिनिटांत दिलं ते बहिणीला एकवीस दिवस दिलं नव्हतं. दिवस मी मोजले होते, म्हणजे मला ते सतत टोचत होतंच.

ऑफिस बंद करून मी थेट रानात गेलो. आक्का बांधावर बसून खुरप्याची मूठ ठोकत होती. मागं ऊस उभा, पुढं कुणाच्या तरी बंगल्याची मागची भिंत आणि भिंतीवर वाळत घातलेल्या चादरी.

"आक्का, वाट निघाली," मी म्हणालो आणि तिला सगळं सांगितलं. २००१ ची किंमत, महागाईची वाढ, दुसरी शेतजमीन घेतली तर सुटणारा कर. "शेवटची दोन वर्षं तू स्वतः इथं ऊस केलायस. कारखान्याच्या पावत्या आहेत. त्यामुळं दोन वर्षांत दुसरं रान घेतलंस तर त्यात घातलेल्या नफ्यावर कर नाही. तीन वर्षं ते विकायचं नाही मात्र."

सगळं सांगितलं आणि एकच गोष्ट गाळली. मी म्हणालो, "पुस्तकं पुन्हा काढून बघितली, तेव्हा सापडलं."

तिनं खुरपं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. मग ती म्हणाली, "तू शिकलास त्ये बरं झालं बघ. खरं सांगू? तुझ्या दप्तरावर माझा लई डोळा हुता. तू पाचवीत असताना तुझं भूगोलाचं पुस्तक हरवलं हुतं, आठवतंय?"

आठवत होतं. त्यापायी आप्पांनी मला वेताच्या छडीनं मारलं होतं.

"मी टाकलं हुतं पाटात. माझी शाळा बंद झाली त्याच महिन्यात. तू नवी पुस्तकं आणलीस आन् वास घेत बसलास. मला बघवंना." ती हसली नाही. "तुला मारल्यावर वाईट वाटलं. खरं बोलले न्हाई."

तेव्हाच मी माझं सांगायला हवं होतं. तशी वेळ पुन्हा येणार नव्हती. पण ते सोडून मी म्हणालो, "मूल्यांकनवाल्याला बुधवारी घेऊन येतो," आणि गाडी सुरू केली.

बुधवारी तो आला, विहीर बघून गेला, जुने दर काढले, अहवाल दिला. इसार झाला, महिन्याभरात खरेदीखत झालं. या खेपेला साक्षीदार दुसरे होते. आक्का सही करून बाहेर आली आणि निबंधकाच्या ऑफिसच्या पायरीवर थोडा वेळ एकटीच उभी राहिली. तोपर्यंत मला वाटत होतं, रान गेल्यावर माझ्या मनातली आग विझेल. विझली नाही. आता मला तिच्या खात्यातल्या रकमेचा हेवा वाटू लागला आणि ती रक्कम कुठं ठेवायची हे आक्का मलाच विचारत होती याचीही चीड येऊ लागली.

दुसरं रान तिनंच शोधलं. आजऱ्याच्या बाजूला, उताराची अडीच एकर जमीन. खाली भाताच्या चार पट्ट्या, वर काजूची झाडं. व्यवहार ठरवायला ती मला घेऊन गेली. विकणारे दोघे नवराबायको, मुंबईला मुलाकडं जाणार होते. आक्कानं त्यांच्यापुढं माझी ओळख करून दिली.

"ह्यो माझा भाऊ. ह्यानंच माझा टॅक्स वाचवला. न्हाईतर मी बुडले हुते."

गावात, पावण्यांत, दुधाच्या कट्ट्यावर ती सगळ्यांना हेच सांगत होती. त्यामुळं माझ्याकडं चार नवी माणसं कामाला आली होती. प्रत्येक जण म्हणायचा, "तुमच्या आक्कानं पाठवलंय." मला ते ऐकवेना झालं होतं.

खरेदी झाल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं तिथं गेलो. तिला विहिरीवरची मोटर बघायची होती. ती काजूच्या झाडांतून चालत होती, एकेका बुंध्याला हात लावत होती, किती जुनं असेल याचा अंदाज घेत होती. मी मागून म्हणालो, "आक्का, ते २००१ चं मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

"कुठलं?"

"किमतीचं. तू ऑफिसात आलीस त्या दिवशी. मी मुद्दाम शून्य लिहिलं."

ती वळली. तिला कळायला थोडा वेळ लागला. मला वाटतं तिनं मनात त्या दिवसापासूनचं सगळं पुन्हा फिरवून बघितलं असावं.

"का?"

"आप्पांनी रान तुला दिलं म्हणून."

तिनं खाली भाताच्या पट्ट्यांकडं बघितलं. "किती दीस बसलास गप?"

"एकवीस."

"त्या दिसांत मी ह्यास्नी म्हणलं हुतं," ती हळू म्हणाली, "आप्पानं एवढं दिलं, मला पेललं न्हाई. मी त्याच्या फोटोपुढं उभं ऱ्हायचं बंद केलतं." मग एवढंच, "मोटर बघूया."

मोटर चालत होती. तिनं बटण दाबून पाणी आलेलं बघितलं, बंद केलं. परतीच्या वाटेवर गडहिंग्लजजवळ आम्ही चहा घेतला. चहाचे पैसे तिनं दिले. मी भूगोलाच्या पुस्तकाचा विषय काढला असता तर कदाचित तिला हलकं वाटलं असतं, किंवा मला. पण तिचं एक पुस्तक आणि माझे एकवीस दिवस शेजारी ठेवायची मला लाज वाटली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, शाळा नुकतीच तुटलेली. मी पन्नाशीला आलेलो.

बायकोला त्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी आहे. त्या रविवारी तुम्ही भरीत खाल्लं नाही."

आक्का मला सोडून दुसऱ्या कुणाकडं जाईल असं मी धरून चाललो होतो. पण या जुलैत ती विवरणपत्र भरायला माझ्याकडंच आली. कापडी पिशवीतून खरेदीखत, नवा सातबारा, बँकेचं पुस्तक, मूल्यांकनाचा अहवाल, एकेक करून टेबलावर ठेवलं. पूर्वी ती पिशवी माझ्या हवाली करून बाजाराला जायची. या वेळी ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"प्रत्येक आकडा कुठनं आला त्ये मला सांगत जा," ती म्हणाली. "आन् लिहून दे. मराठीत."

मी लिहिलं. आप्पांची किंमत, ती का धरली, वाढ किती, नवी जमीन किती, शिल्लक काय. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. दोन ठिकाणी तिनं अडवलं. एका ठिकाणी तिचंच बरोबर होतं. मूल्यांकनाच्या फीचा आकडा मी चुकीचा घेतला होता.

"ह्ये चुकून का मुद्दाम?"

"चुकून."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते मला कळलं नाही. विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.

हेवा गेला का म्हणाल, तर नाही. आजऱ्याहून पहिल्या काजूची पिशवी आली तेव्हा ती किती किलोंची असेल याचा अंदाज मी हातात घेताक्षणी केला. पण आता तो आला की मला ओळखू येतो, आणि त्या वेळी मी आक्काच्या कागदांना हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो.

कागद वाचून झाल्यावर आक्कानं त्याचा मोबाईलवर फोटो काढला. उठताना म्हणाली, "तुझी फी किती?"

आजवर तिच्याकडून मी कधी घेतली नव्हती. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण ती पर्स उघडून वाट बघत उभी होती. मी इतरांना सांगतो तो आकडा सांगितला. तिनं पैसे दिले, पावती मागितली, आणि मी ती फाडून तिच्या नावानं लिहून दिली.